सरांची अळी

टायपिंगचे सर अर्ज टाइप करण्याआधी एकच प्रश्न विचारत, "वाचणार कोण?" तलाठी वाचणार असेल तर अर्ज चार ओळींचा. तहसीलदार वाचणार असतील तर डावीकडे चार बोटे समास, कारण साहेबांना शेरा मारायला जागा लागते. अमडापूरच्या बसथांब्यासमोर त्यांची टायपिंगची संस्था होती. पुढे यंत्रे गेली, संगणक आले, पाटी बदलली. लोक मात्र त्यांना टायपिंगचे सरच म्हणत राहिले.

मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात तीन विषय राहिल्यामुळे घरी होतो. गाव मला कंप्युटर इंजिनिअर समजत असे. ही चूक दुरुस्त करण्याची घाई मी केली नाही.

संक्रांतीनंतर सरांनी मला काम सांगितले. बोंडअळीला मारणाऱ्या बीटी कपाशीच्या बियाण्याच्या बॅगेत साध्या सरकीची एक लहान पुडी येई. ती शेताच्या कडेने पेरायची. तिथे साध्या अळ्या जगतात, बीटी पचवणाऱ्या मोजक्या अळ्यांशी त्यांची जोडी लागते आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडते. पुडी पेरली नाही तर बीटी पचवणाऱ्याच अळ्या वाढतात. गावात सगळे ती पुडी फेकून देत. "अळीले जेवाले कायले वाढायचं?" असा त्यांचा सवाल असे. सरांची चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच, होती. ते पुडी पेरत. पण एकट्याने पेरून उपयोग नव्हता, कारण दोन शेतांमधला धुरा अळी ओळखत नाही.

"सांगून कोणी आयकत नाही," सर म्हणाले. "खेळून पाह्यलं तं कळन. मृगाच्या आधी मोबाइलवर गेम पाह्यजे. जमते का?"

"जमेल सर," मी पुणेरी थाटात म्हणालो. "फक्त लँग्वेज ठरवावी लागेल."

होळीपर्यंत मी सी प्लस प्लसवर होतो, कारण मोठे खेळ तिच्यात बनतात. पाडव्याला पायथनवर आलो, कारण ती सोपी. मग इंटरनेटवर कोणा परदेशी माणसाने लिहिले की पायथन सावकाश चालते, म्हणून तीही सोडली. अळी किती वेगाने चालणार होती, हा प्रश्न मला पडला नाही. तेव्हाची वही माझ्याजवळ आहे. तिच्यात भाषांच्या तुलनेचे तक्ते अकरा पाने आहेत. अळीचे चित्र एकही नाही.

अक्षय तृतीयेच्या सुमारास सरांनी विचारले, "काय करून राह्यला बे?" मी तक्ते पुढे केले. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले.

"रकाने चांगले आखले," ते म्हणाले. "खेळणार कोण?"

तो रकाना नव्हता.

आठवडी बाजाराच्या दिवशी ते मला सोबत घेऊन निघाले आणि भाजीवाल्यांपासून बैलबाजारापर्यंत ओळखीच्या प्रत्येकाला खिशातला फोन दाखवायला लावला. बहुतेक फोन बटणांचे होते, आणि त्यांवर चालणारे खेळ जावा भाषेत लिहिलेले असत. माझ्या तक्त्यात जावा शेवटून दुसरी होती. शेरा होता, 'जुनी, वजन पडत नाही.'

"ठरली भाषा," सर म्हणाले आणि गूळ घ्यायला गेले.

पुढच्या आठवड्यात सुरू करतो, असे मी सांगितले. सरांनी वाट पाहिली नाही. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाने जावाचे पुस्तक समोर उभे केले आणि कळफलकाकडे न पाहता तो दहा बोटांनी त्यातले प्रोग्रॅम उतरवू लागला. अडले की मला विचारत. मला बहुधा येत नसे. त्यांची अळी चार गुलाबी चौकोनांची झाली. मी हसलो.

"तुही अळी दाखव मंग," सर म्हणाले.

रोहिण्यांत खेळ तयार झाला. सरांनी तो बाजारात फोनवरून फोनवर ब्लूटूथने वाटला. पहिले खेळायला बसले बांगड्यांचे दुकान आणि तीन एकर कपाशी सांभाळणारे रशीदचाचा. खेळात त्यांनी पुडी न पेरता धुरा मोकळा ठेवला. पहिली दोन सालं भरघोस कापूस निघाला. चाचांनी मिशीवर हात फिरवला. तिसऱ्या साली अळ्यांनी सगळी बोंडं फस्त केली.

"ये क्या सर? खराब आहे तुमचा गेम!"

"गेम बराबर आहे, चाचा. तुमचा धुरा खाली आहे."

चाचा पुन्हा खेळले. पुन्हा धुरा मोकळाच ठेवला, पुन्हा हरले, आणि मग फोन खिशात घालून निघून गेले. पेरणीनंतर साधी कपाशी आणि बीटी सारखीच दिसते. पुडी कोणी पेरली, हे बोंडं धरल्याशिवाय कळणार नव्हते. तोवर मी इंजिनिअरिंग सोडून पुण्यात एका वर्तमानपत्रात लागलो होतो. दिवाळीत सरांना फोन केला.

"किती जणांनी पेरली, सर?"

"सहा. माह्या वावराच्या बाजूचे दोघं धरून."

"सहाच? याची बातमी नाही होत, सर."

"नको होऊ दे," सर म्हणाले. "मांगच्या साली मी एकटाच होतो."