सगळा जोर

जागच्या जागी सायकल चालवताना माणूस फार लांब जातो, हे मला चिंचवडच्या दवाखान्यात कळलं. तोंडावर मास्क, छातीला वायरी, समोर पांढरी भिंत. पेडल जड होत गेलं की भिंत विरघळायची आणि मी निघोज्याच्या आमच्या वावरात पोचायचे. तिथे आता गोदाम आहे. पण धापेत असताना ज्वारी पुन्हा उभी राहायची आणि मी तिच्यातून पाय न टेकता जायचे.

मला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे. छातीत कफ चिकटून बसतो, तो रोज ठोकून सुटा करावा लागतो. ठोकायचं काम आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. पहिल्या शिफ्टला जायच्या आधी ते खोलगट तळव्यांनी माझ्या पाठीवर थापट्या मारायचे आणि मी पालथी पडून पेंगत असायचे. त्या तालावर मला अजूनही झोप येते. दमाच्या मानाने माझा राग मात्र मोठा आहे. दोन वाक्यांत भांडण उरकायची कला मला त्यामुळेच साधली.

मी वाकडला नुकतीच नोकरीला लागले होते, तेव्हा नळीत जोरात फुंकून फुप्फुसांचा जोर मोजतात, ते माझे आकडे घसरले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नुसत्या फुंकण्यावरून पुढचं सगळं कळत नाही. व्यायामात तुझं शरीर किती प्राणवायू वापरतं ते बघू. ते चांगलं असेल तर पुढची वर्षं बरी जाण्याची शक्यता जास्त. फारच कमी असेल तर फुप्फुसं बदलण्याबद्दल बोलावं लागेल." मला पुढची वर्षं हवी होती, अगदी हावरटासारखी.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी आप्पांनी मला शेजारी बसवलं. चाकणच्या कारखान्यात त्यांच्या लाइनवर अधूनमधून स्टॉपवॉच घेऊन एक साहेब यायचा. तो आला की सगळ्यांचे हात आपोआप मंदावायचे. जोर दाखवला की टार्गेट वाढतं, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं.

"घड्याळवाल्याम्होरं सगळा जोर दावायचा न्हाई, पोरी," ते म्हणाले. "थोडा राखायचा. न्हाईतर उद्यापासनं तेवढंच रोज मागत्यात."

"आप्पा, तो दवाखाना आहे, लाइन नाही."

"समदीकडं सारखंच आसतंय."

मला हसू आलं, आणि मी ऐकलंही. ज्या माणसाच्या हातांवर मी इतकी वर्षं श्वास घेतला, त्याचं नाही ऐकायचं तर कुणाचं? दुसऱ्या दिवशी ज्वारी दिसायला लागली आणि मी पेडल सोडलं.

डॉक्टरबाईंनी कागद पाहिले. "नाडी पुरेशी वर गेली नाही, श्वासालाही वाव होता. मग थांबलीस का?" मी टार्गेटचं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "अगं, यावरून मी काय ठरवू? चाचणी पुन्हा करावी लागेल."

आप्पा बाहेर बाकावर होते. "इथे कमी दाखवलं तर काम हलकं होत नाही," मी म्हटलं. "फुप्फुसं बदलतात." मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तितकीच मायाही दाटून आली होती.

पुढच्या खेपेला मी काहीच राखलं नाही. ज्वारी आली आणि मागे पडली, मग नदी आली, मग डोंगर. मांड्या पेटल्या, कानात वारा भरला. त्याच्या पुढे रान नव्हतं, रस्ता नव्हता, नुसता उजेड होता. तिथे मी थांबले.

आकडा माझ्या वयाच्या मानाने कमीच होता, पण भीती होती त्याहून खूप बरा. "बदलायचा विषय सध्या बाजूला ठेवू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "व्यायाम सोडायचा नाही, आणि ही चाचणी अधूनमधून करत राहू."

मी नाचतच बाहेर आले, तर बाक रिकामा. आप्पा खाली पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभे होते, दवाखान्याकडे पाठ करून. मी सगळं सांगितलं. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"टार्गेटचं न्हवतं गं काय," ते म्हणाले. "तुजा दम कुठं संपतो, ते कुनालाच कळू नये आसं वाटायचं. मला बी."

मी मागे बसले. त्यांनी बराच वेळ गाडी चालूच केली नाही.