बोलावणं नसलेला सण

"बोलवत नसतात. येतात," बाई म्हणाल्या आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

सेंदाईतल्या आमच्या इमारतीत त्या वरच्या मजल्यावर राहायच्या. नवरा जपानी, विद्यापीठात प्राध्यापक. त्या उत्तर मॅसेडोनियाच्या, पण मॅसेडोनियन म्हटलं की मान हलवायच्या. "तिथलीच. पण सर्ब." तिथं सर्ब लोक थोडे, त्यांच्या गावात तर मोजकीच घरं. आमचं बोलणं दोघींच्या मोडक्या जपानीत चालायचं.

डिसेंबरात एकदा त्यांचं दार सताड उघडं दिसलं. घाबरून डोकावले, तर बाई ठेवणीतला पोशाख करून बसलेल्या. टेबलावर मेणबत्ती, नक्षीचा गोल पाव, मासे, अक्रोड घालून शिजवलेले गोड गहू. त्यांच्याकडे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो. त्याच्या दिवशी, म्हणजे स्लावाला, दार उघडं ठेवायचं. आमंत्रण द्यायचं नाही. सकाळपासून फक्त इमारतीचा व्यवस्थापक आला होता, दार लावून घ्या म्हणून सांगायला. त्यालाही बाईंनी गहू खायला लावले होते!

"खरं तर हे भावाचं काम," त्या म्हणाल्या. "वडिलांनंतर मुलानं करायचं. त्यानं सोडलं. जनगणनेतही मॅसेडोनियन लिहिलं. म्हणतो, उगाच कशाला वेगळं दिसायचं?"

मग पावाची एक बाजू माझ्या हातात दिली. दोघींनी तो गोल फिरवला आणि मोडला.

पुढच्या वर्षी मी आमच्या मराठी मंडळींना म्हटलं, वर जायचंय.

"अगं, न सांगता कसं जायचं?" नवरा म्हणाला.

"गणपतीला जातो तसं."

मुलाबाळांसकट आम्ही बाराजण दारात उभे राहिलो. बाईंनी सगळ्यांकडे पाहिलं, डोळे पुसले आणि रागावल्या. "इतका उशीर?"

त्यानंतर भाऊ आजारी पडला आणि त्या गावी गेल्या. वसंतात फोन आला. भाऊ गेला होता.

"भाच्यानं काल विचारलं," त्या म्हणाल्या, "आत्या, आपला संत कोणता?"

"मग?"

"मग काय! आता मला परत येता यायचं नाही. त्याला सगळं शिकवायचंय."

निवृत्त झाल्यावर प्राध्यापकही तिकडे निघाले. विमानतळाच्या गाडीसाठी मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेले. फलाटावर बॅगेशेजारी ताठ उभे राहून ते सर्बियनमधली एकच ओळ पुन्हा पुन्हा घोकत होते. अर्थ विचारला, तर लाजले.

"घरात पाऊल टाकताना म्हणायचं असतं," ते म्हणाले. "सण सुखाचा होवो."