शिरूरमधलं जहाजांचं संग्रहालय

"हात लावा. लांबनं बघून काय कळतंय?" दारात येणाऱ्या प्रत्येकाला मामा असं म्हणत आणि त्याचा हात धरून थेट जहाजाच्या पितळी घंटेवर टेकवत.

शिरूरला समुद्र नाही, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. मामांनाही होतं. त्यांची उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. बायको वारली तेव्हाही ते भर समुद्रात होते. घरी पोचले, तोवर कबरीवर गवत उगवलं होतं. तेव्हापासून मुलगा त्यांच्याशी कामापुरतंच बोले.

निवृत्तीनंतर मामांनी मिशनच्या बंद शाळेतली एक खोली मागून घेतली. मुंबईच्या भंगारातून आणलेली घंटा, होकायंत्र, सुकाणूचं चाक असं सगळं तिथं मांडलं. मी रिटायर मास्तर. रविवारी झाडलोट करायला, दार उघडून बसायला जायचो. पगाराचा प्रश्नच नव्हता. गर्दीचाही नव्हता.

एकदा विचारलं, "मामा, हे सगळं कुणासाठी?"

"पोराला दावायचंय, मी कुठं व्हतो ते. येईल की कवातरी."

मुलगा त्यांच्याच घरात राहत होता. संग्रहालयात कधी आला नाही.

पुढं ती खोली क्लासवाल्यांना द्यायची ठरली. कोकणात एका गावी अशीच हौशी माणसं सागरी संग्रहालय चालवत. मामांनी फोन केला. "घेऊन या," तिथले काका म्हणाले. आम्ही टेंपो भरला.

पोचलो तर दाराला कुलूप. शेजारून एक वयस्कर बाई किल्ली घेऊन आल्या. "ज्यांनी तुम्हाला बोलावलं, ते परवा गेले हो. आता मी एकटीच उरले. आमचंच सामान कुठे ठेवायचं, कळत नाही."

मामांनी नुसती मान हलवली. समोर समुद्र होता.

"जाऊया का पाण्यापर्यंत?" मी म्हटलं.

"नगं. चला."

कोरेगाव भीमाला गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. ड्रायव्हरनं विचारलं, "आबा, माल कुठं उतरवायचा?"

"भंगारवाल्याकडं."

"मामा, घरी नेऊ की," मी म्हणालो.

"पोरगं जागा देनार न्हाई. त्याला इचारूबी नगा, मास्तर."

त्याच हिवाळ्यात मामा गेले. मिशनच्या कबरस्थानात दगड बसवायचा होता. कारागिरानं मुलाला विचारलं, "नावाखाली काय लिहू? काय करायचे तुमचे वडील?"



"बाहेर असायचे," मुलगा म्हणाला. "नुसतं नाव टाका."