ग्रहणावरचा आळ
मला सातवा महिना होता, तेव्हा २०१९च्या डिसेंबरातलं ते सकाळचं सूर्यग्रहण आलं. शाहूपुरीतल्या एका शाळेत मी नववीला विज्ञान शिकवत होते. ग्रहणात अंधाऱ्या खोलीत बसायचं नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

आम्ही शिवाजी पेठेत राहतो. सासूबाई आदल्या दिवसापासून मागे लागल्या. "विळीला हात लावायचा न्हाय. आतल्या खोलीत गप पडून ऱ्हा."

"आई, मी गच्चीवर जाणार आहे."

त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या खाली बसल्या. "माझ्या पोराचा ओठ बघितलास न्हवं?"

माझ्या नवऱ्याचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. लहानपणी शिवला, पण व्रण अजून दिसतो.

"तो पोटात असताना तुम्ही ग्रहण बघितलं होतं?"

"कुठलं! कडी लावून बसलेते. घशाला कोरड पडली, तरी पाणी प्याले न्हाय. तरीबी सगळी म्हणाली, हिनंच कायतरी कापलं असणार. सासू मरेस्तोवर म्हणत ऱ्हायली."

"तुम्ही सगळं पाळलंत, तरी झालंच ना? मग ग्रहणाचा काय संबंध?"

त्या उठून कामाला लागल्या. संध्याकाळी भाकरी थापताना एकदम म्हणाल्या, "पर मग इतकी वर्सं लोक येडी व्हती व्हय?"

"वेडी नव्हती. दिसलं तसं मानत होती. आधी वाटलं, राहू गिळतो. मग वाटलं, सूर्य आपल्याभोवती फिरतो. तो कोळशासारखा जळतोय, असंही शिकले-सवरलेले लोक म्हणायचे. प्रत्येक वेळी कुणीतरी हट्टानं पुन्हा बघितलं, म्हणून चूक कळली."

दुसऱ्या दिवशी मी पिठाची चाळण घेऊन वर गेले. सूर्याकडे पाठ केली आणि चाळण उन्हात धरली. समोरच्या भिंतीवर ग्रासलेल्या सूर्याच्या शेकडो बारक्या कोरी उमटल्या. मागे वळले, तर सासूबाई जिन्याच्या दारात उभ्या. पुढं आल्या, माझ्या हातातली चाळण घेतली, हलवून बघितली. कोरी हलल्या.

"ह्याला भ्यालेते मी?" त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

मला मुलगी झाली. तिचाही ओठ दुभंगलेला होता. सोनोग्राफीत बाळाचा हात तोंडावर होता, त्यामुळे कुणाला कळलं नव्हतं. कोडोलीहून चुलत सासूबाई बघायला आल्या आणि पाळण्यात डोकावून म्हणाल्या, "ग्रहणात गच्चीवर गेलीस न्हवं? भोगा आता ग्रहणाचं फळ."

मी बाळाला पाळण्यातून उचलून छातीशी धरलं. सासूबाई उठल्या.

"ग्रहणाचं नाव काढायचं न्हाय. मी अंधारात बसले, हिनं उजेडात बघितलं. दोघींची लेकरं सारखीच. डाक्टरनी सांगितलंय, ओठ तिसऱ्या महिन्याच्या आतच तयार हुतो, आन्‌ हे घराण्यातनं येतंय. चहा घ्या, पर माझ्या सुनंला बोलायचं न्हाय."

चुलत सासूबाई चहा न घेताच गेल्या.

बाळाला नीट दूध ओढता यायचं नाही. सासूबाई तिला मांडीवर उभी धरून वाटी-चमच्यानं पाजायच्या. टाळेबंदीमुळे ऑपरेशन लांबलं, तेव्हा मी खचले. त्या खचल्या नाहीत. "वजन वाढवू आपण तवर," म्हणाल्या आणि वाढवलं. ऑपरेशन नीट झालं.

मुलगी आता पहिलीत आहे. परवा तिनं आजीला विचारलं, सूर्य रात्री कुठं जातो? सासूबाई कणीक मळत होत्या. "त्यो कुठं जातोय? आपुनच फिरतोय की," म्हणाल्या आणि तिला तेलाची वाटी आणायला पिटाळलं.