सिद्रामप्पा गायला बसतात

सोलापूरच्या बाळीवेशीतले शेंगाचटणीवाले सिद्रामप्पा तसे शांत गृहस्थ. पण संगीतानं त्यांचं डोकं पार उठवलं होतं. सून दानेश्वरी गरोदर असताना पोटावर हेडफोन लावून बसायची. आतल्या बाळाला सतार ऐकवली की मेंदू तल्लख होतो म्हणे. "पोटात तरी निवांत झोपू द्या की बाळाला," असं सिद्रामप्पा बायकोला म्हणाले. सुनेला म्हणायची छाती नव्हती.

नीलांबिका जन्मली ती थेट ऑर्केस्ट्रातच. पाळण्यावर वाजणारी फुलं, गाणारी बदकं, बटण दाबताच गळा काढणारा हत्ती, आणि मोबाईल तर अखंड. घरात कुणाचं कुणाला ऐकू येईना. पोरगी अडीच वर्षांची झाली. नाचायची, टाळ्या पिटायची, हवं ते बोटानं दाखवायची. बोलायची मात्र नाही. एक शब्द नाही! दानेश्वरी ओट्याकडं तोंड करून डोळे पुसायची. सिद्रामप्पांची चिडचिड चटणीत उतरायची. त्या दिवसांत गिऱ्हाइकांच्या तोंडाला भलतीच आग लागली.

डॉक्टरीणबाईंनी कान तपासले. ठणठणीत. "यंत्रं बंद करा," त्या म्हणाल्या. "माणसानं गा. तिच्या तोंडाकडं बघत, रोज तेच गाणं. शेवटच्या शब्दाआधी थांबा आणि वाट बघा. तो शब्द तिला म्हणू दे. महिन्याभरात नाहीच बोलली, तर पुढच्या तपासण्या करू."

माणसानं म्हणजे कोणत्या? मुलगा मल्लिनाथ टेंभुर्णीला नोकरीला, सून शाळेत शिकवायला, बायको बसम्मा मागं उखळापाशी. नात दिवसभर आजोबांजवळ गल्ल्याशेजारी. उरले सिद्रामप्पा, ज्यांचा आवाज म्हणजे फरशीवरून ओढलेलं लोखंडी कपाट.

"मी गाऊ? दुकान चालू ठेवायचंय का बंद पाडायचंय?"

"म्हणा की अवो! ती काय तिकीट काढून बसलीय व्हय?" बसम्मा म्हणाली, आणि शेंगा कुटता कुटता तिनं गाणंही जुळवून दिलं:

शेंगा भाज, शेंगा कूट,
लसूण सोल मूठ मूठ,
तिखट घाल, हलव नीट,
वरनं थोडं टाक… मीठ!

पहिल्या दिवशी सिद्रामप्पा 'टाक' म्हणून थांबले. नीलांबिकेनं ओठ हलवले. तेवढ्यात मागनं, "मीठ!" शेजारच्या धुळाप्पा शिंप्यानं ठोकून दिलं.

"गप! तुला विचारलंय व्हय?"

"अडला की तुमी. म्हटलं विसरला."

अडलेल्याला हात द्यायची सोलापुरात भारी हौस! दुसऱ्या दिवशी गोजाबाई भाजीवाली रस्त्यावरून "मीठ, मीठ!" ओरडून गेली. एसटी स्टँडचा रस्ता विचारायला थांबलेला परगावचा माणूससुद्धा मीठ सांगून मगच पुढं गेला. दरवेळी सिद्रामप्पा 'टाक'वर थांबत, कुणीतरी तोंड घालत असे, आणि सिद्रामप्पा गल्ल्यावर हात आपटून कडाडत, "गप!"

महिना सरत आला. "मामा," दानेश्वरी सासऱ्यांना हळूच म्हणाली, "बोलेल ना हो ती?"

"ही बोलंल गं. ह्या बाकीच्यांची तोंडं कशी बंद करू, ते सांग!"

रविवारी दुकान भरलेलं. दानेश्वरी घरीच होती, दाराला टेकून उभी राहिली. सिद्रामप्पांनी चटणीचा डाव उगारला. "आज जो मदत करंल, त्याला उद्यापासनं चटणी न्हाय!"

धमकी जबर होती. धुळाप्पानं तर तोंडावर हातच ठेवला. सिद्रामप्पा नातीकडं बघत गायले. भाजलं, कुटलं, सोललं, हलवलं. "वरनं थोडं टाक…"

नीलांबिकेनं सगळ्यांच्या मिटलेल्या तोंडांकडं एकदा बघितलं, चिमुकला पंजा गल्ल्यावर आपटला आणि अगदी तालात म्हणाली,

"गप!"

दानेश्वरीनं धावत येऊन तिला उचललं. हसावं की रडावं, तिला कळेना. "मामा, पहिला शब्द हा?"

"मग? तूच बघ, सम चुकली का?" सिद्रामप्पांचा आवाज आता कपाटासारखाही निघेना.

"लई भारी बोलली की ओ पोर–" धुळाप्पानं तोंड उघडलं.

"गप!" नीलांबिका आईच्या कडेवरनं म्हणाली.

दुकान हसून कोसळलं. सिद्रामप्पांनी उपरण्यानं डोळे टिपले, खाकरले आणि 'शेंगा भाज'पासनं परत ओढायला घेतलं. मीठ अजून शिकवायचं होतं.