न उघडलेलं तोंड

आमच्या गावच्या डॉक्टरनं माझ्या बायकोला चार महिने फसवलं. तिच्या जिभेच्या कडेला जखम झाली होती आणि तो एकदाही तिचं तोंड न उघडता औषध देत राहिला.

मी देवणीच्या बाजारातला बैलांचा व्यापारी. जबडा फाकवून दात पाहिल्याशिवाय मी कधी सौद्याला बसलो नाही. मालक म्हणतो चार दाती, म्हणजे ऐन उमेदीचा, मी म्हणतो दाखव. बायको आजारी पडली त्या वर्षी दुष्काळ होता; चाऱ्यावाचून लोक जनावरं मिळेल त्या भावात सोडत होते, तरी मी ही रीत मोडली नाही.

डॉक्टरपुढं मात्र हात जोडून बसायचो. तो टेबलापलीकडूनच म्हणायचा, "उष्णता हाय. निळं औषध लावा." ती वाळत गेली, आम्ही म्हणालो दुष्काळ. खोकायला लागली, आम्ही म्हणालो धूळ. मोठ्या दवाखान्यात नेऊ का विचारलं, तर म्हणाला, "लातूर आता जिल्हा झालाय शेठ. थांबा की, मोठे डॉक्टर तिथंच येतेत."

एका सकाळी तिला दुधात कुस्करलेली भाकरीही गिळेना. मी तिला अंगणात उजेडाला बसवलं आणि म्हणालो, तोंड उघड.

"बैल इकत घ्यायला निघालाव का?" ती म्हणाली. हसायला गेली आणि कळवळली.

जिभेवर चार आण्याएवढा खड्डा होता. कडा आतून पोखरलेल्या, तळ पिवळट. कॅन्सरच, मला वाटलं. त्याच दिवशी एसटीनं तिला मुखेडमार्गे नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावली, बोटानं जखम चाचपली आणि विचारलं, "खोकला किती दिवसांपासून आहे?" जखमेचा तुकडा काढला, थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी निघाला. फुप्फुसातला टीबी थुंकीवाटे जिभेला लागला होता. "जिभेवर क्वचितच दिसतो," त्या म्हणाल्या, "पण कुणी पाहिलं असतं तर शंका आली असती."

रोज इंजेक्शन, मूठभर गोळ्या. दोन महिन्यांत जीभ भरली. डावं फुप्फुस गेलं ते गेलंच. आजही ती चार पावलं टाकून भिंतीला हात लावते.

बाजारात एवढं पाहता, घरात का न्हाई पाहिलं, हे तिनं मलाही विचारलं. माझं चुकलं, मी कबूल केलं. आता तुमची पाळी, डॉक्टर. तुम्ही अजून त्याच खुर्चीत बसता. तिच्यासमोर या आणि सांगा, चार महिन्यांत एकदा "आ कर" का म्हणाला नाहीत?