गडग्यातलं फुरसं

मोपाच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळी पठारावर, आमच्या सासरची काजूची बाग होती. अर्धी आमच्या ह्यांची, अर्धी थोरल्या दिरांची, मध्ये जांभ्या दगडांचा गडगा. भावाभावांत बोलणं नव्हतं. उन्हाळा आला की भावोजी गडग्याचे दगड उचलून वीतभर आमच्यात सरकवत. आठवड्याने आमचे हे जाऊन वीतभर परत रेटत, वर दोन बोटं जास्तच. मला दोघांचाही वीट आला होता.

फायदा झाला तो एकट्या फुरशाचा. साप जातीचं, हातभर लांबीचं मातकट जनावर. काळोख पडला की विंचू-पाली शोधत हिंडायचं आणि दिवसा दगडांच्या फटीत पडून राहायचं. दरसाल नवा पोकळ गडगा रचून देणारे गडी त्याला दुसरीकडे कुठे मिळणार होते? पावसाच्या तोंडावर तिथेच पिल्लं घालायचं. बागेचा खरा कब्जेदार तोच.

एका मे महिन्यात भावोजींनी दगड उचलला. फुरशाने अंगावर अंग घासून आधी करकर केली म्हणे, पण भावोजी कुणाचं ऐकतील तर ना. बोटालाच डसलं.

गावातला विष उतरवणारा आला. त्याने कसलंसं मूळ उगाळून लावलं आणि 'उतरलं' म्हणाला. भावोजी चहात पाव बुडवून खात बसले, लोक त्याची वाहवा करत घरी गेले. फुरशाच्या विषाला घाई नसते, हे कुणाच्या गावीही नव्हतं. दुसऱ्या सकाळी चूळ भरताना हिरड्यांतून रक्त आलं, ते थांबेचना. मोठ्या जाऊबाई धावत आमच्या दारात आल्या. "माझा माणूस जाता गो," म्हणाल्या.

हे खुर्चीतून हलेनात. मी म्हटलं, "भांडायला तरी भाऊ हवा ना? जीप बघा."

म्हापशाच्या इस्पितळात इंजेक्शनं दिली, वर रक्त मागितलं. जुळलं ते ह्यांचंच. देताना हे लहान मुलासारखे रडले. मलाही राहवलं नाही.

चौथ्या दिवशी भावोजी उठून बसले आणि कित्येक वर्षांनी धाकट्या भावाशी बोलले. "तो दगड होता तिथेच आहे ना रे?"

"तिथेच आहे, दादा."

मी ह्यांच्या हातांकडे पाहिलं. आदल्या दिवशी कपडे आणतो सांगून घरी गेले होते. नखांत सड्याची लाल माती होती. भावाला बाटलीभर रक्त देऊन हा माणूस त्याच गडग्यात हात घालून आला होता, दोन बोटं जमिनीसाठी.